उन्हाळवाट लडाखची

मे महिना लागला की आपल्या वर्तमानपत्रांत सहलींच्या जाहिरातींची गर्दी होते. एके काळी त्यांत माथेरान आणि महाबळेश्वर असे. मग सिमला-मनाली आलं, काश्मीर आलं. गेल्या काही वर्षांत त्यांत लेह-लडाख हे नाव ठळक झालं आहे. मुंबई-पुण्यापासून नांदेड-लातूरपर्यंतची मराठी मंडळी उन्हाळ्यात तिकडे निघतात. काय करायला? तर मोटारसायकलवरून खारदुंग ला ही खिंड ओलांडायला, हुंदरच्या वाळूत दोन वशिंडांच्या उंटावर बसायला, झांस्कर नदीत रबरी होडीतून उसळ्या घ्यायला, मार्खाच्या खोऱ्यात पायी हिंडायला, पँगाँग तलावाकाठी तंबूत रात्र काढायला. सुटीतली करमणूक म्हणून आपण हे सगळं करतो, आणि करावंही. प्रवासाइतकं माणसाला शहाणं करणारं दुसरं काही नाही.

पण या करमणुकीचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. आज पाहुणा लडाखच्या उन्हाळ्यात जे जे हौसेने करतो, त्यातलं बरंचसं शंभर वर्षांपूर्वी तिथल्या माणसाचं काम होतं. खिंड ओलांडणं, नदी पार करणं, उंट हाकणं, उघड्यावर मुक्काम टाकणं हा कुणाचा तरी पोटापाण्याचा धंदा होता. त्या माणसांविषयी आज थोडं बोलायचं आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. वाळवंट म्हटलं की आपल्यासमोर जैसलमेर येतं, तापलेली वाळू येते. लडाख हे थंड वाळवंट आहे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि वर्षाकाठी तिथे जेमतेम शंभर मिलिमीटर पाणी पडतं, पाऊस आणि बर्फ धरून. आमच्या पनवेल भागात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे लेहला नऊ-साडेनऊ वर्षांत मिळतं तेवढं पाणी. सह्याद्रीने ढग अडवले की माण-खटाव कोरडे राहतात. हिमालय तेच काम कितीतरी मोठ्या प्रमाणावर करतो, आणि लडाख त्याच्या पाठीमागे उन्हात कोरडं पडतं.

अशा मुलखात उन्हाळा हाच कामाचा काळ. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे चार महिने. त्यातच खिंडी मोकळ्या, त्यातच जवाचं पीक उभं, त्यातच व्यापार. आपल्याकडे शेतकरी मृगाची वाट पाहतो तसा लडाखी माणूस वरचं बर्फ वितळण्याची वाट पाहतो.

मी कळंबोलीत राहतो. आमच्याकडे वाहतूक म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. एका अंगाला लोखंड-पोलादाचा बाजार, दुसऱ्या अंगाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं तोंड. रात्री कितीही वाजता बाहेर पडा, ट्रकांच्या रांगा उभ्या. क्लीनर टायर ठोकून पाहतो आहे, ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून चहा करतो आहे, कुणी केबिनमध्येच पाय दुमडून झोपला आहे. हा भाग पिढ्यान् पिढ्या असाच वाटेवरचा. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तिथून घाट चढे. त्याच्याही आधी बैलांच्या पाठीवरून मीठ घाटावर जाई आणि धान्य खाली येई. म्हणून लडाखचा इतिहास वाचताना मला राजेरजवाड्यांपेक्षा तिथल्या तांड्यांचं अप्रूप जास्त वाटलं.

लेह हे तांड्यांचं शहर होतं. उत्तरेला काराकोरम ओलांडून चिनी तुर्कस्तानातलं यारकंद आणि दक्षिणेला पंजाब, यांच्या मधला तो मोठा मुक्काम. यारकंदहून रेशीम, गालिचे, नमदे आणि चरस येई. हिंदुस्थानातून सुती कापड, मसाले, नीळ जाई. होशियारपूरचे व्यापारी लेहमध्ये पेढ्या घालून बसलेले असत. काश्मिरी आणि यारकंदी मुसलमान व्यापाऱ्यांनी लडाखी बायकांशी लग्नं केली, त्यांच्या वंशजांना अर्गोन म्हणतात. या अर्गोनांपैकी बरेच जण घोडे भाड्याने देण्याचा धंदा करत. त्यांना ‘किरायाकश’ म्हणत. किराया हा शब्द आपल्यालाही ओळखीचा आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर हे त्या काळचे ट्रकमालक, आणि बहुधा ड्रायव्हरही तेच.

लेहहून यारकंदला जायला साधारण महिना लागे. वाटेत पाच मोठ्या खिंडी : खारदुंग, सासेर, काराकोरम, सुगेत आणि संजू. काराकोरम खिंड अठरा हजार फुटांच्या वर. या प्रवासाच्या दोन वाटा होत्या, ‘ताबिस्तानी’ आणि ‘जमिस्तानी’. फारसीत ताबिस्तान म्हणजे उन्हाळा आणि जमिस्तान म्हणजे हिवाळा. हिवाळ्यात श्योक नदी गोठली की तिच्या पात्रातूनच तांडे जात. उन्हाळ्यात तीच नदी वितळलेल्या बर्फाने फुगे, पात्रातली वाट बंद होई आणि सासेरची उंच, बर्फाळ खिंड चढावी लागे. म्हणजे उन्हाळा हा सोपा ऋतू मुळीच नव्हता. ऊन जितकं कडक तितकी नदी जास्त भरणार, असा तिथला उफराटा हिशेब.

त्या हिशेबातून तांड्यांचे नियम तयार झाले. पहिला नियम, पाणी पहाटे ओलांडायचं. रात्री वर थंडी पडते, वितळणं मंदावतं, सकाळी ओढा गुडघाभर असतो. दुपारी तोच छातीपर्यंत येतो आणि घोडा वाहून नेतो. दुसरा नियम, वर घाईने चढायचं नाही. विरळ हवेत डोकं दुखतं, उलट्या होतात, धाप लागते. या त्रासाला तांड्यातली माणसं ‘दम’ म्हणत. आपण दमा म्हणतो, दम लागला म्हणतो, तोच हा शब्द. तिसरा नियम, जनावराचं खाणं बरोबर न्यायचं, कारण पुढे कित्येक मजला गवताची काडी उगवत नाही. मजल दरमजल हा आपला वाक्प्रचार ‘मंझिल’ या मूळ शब्दावरून आला. त्या वाटेवर एक मजल चुकली तर जनावर मरे. काराकोरमची वाट मेलेल्या घोड्यांच्या हाडांवरून ओळखू येई, असं बहुतेक सगळ्या प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे.

या वाटेवर व्यापाऱ्यांमागोमाग पाहुणे आले. १८३४ पासून डोग्रा सेनानी जोरावरसिंग यांच्या स्वाऱ्या झाल्या आणि लडाख जम्मूच्या सत्तेखाली आलं. १८७० च्या करारानंतर लेहमध्ये इंग्रजांचा जॉइंट कमिशनर येऊ लागला. गोरे अधिकारी उन्हाळ्याची रजा काढून रानमेंढ्या आणि आयबेक्स जातीचे बकरे मारायला येऊ लागले. लडाखमध्ये ‘उन्हाळी सुटी’ सुरू झाली ती अशी. या साहेबांचं सामान कोण वाहणार? त्यासाठी गावोगाव ‘रेस’ची पद्धत होती. रेस म्हणजे पाळी. मुक्कामाच्या गावाने पाळीपाळीने घोडे आणि हमाल पुरवायचे. भर सुगीत पाळी आली तरी शेत सोडून जावं लागे. मिळालाच तर ठरीव मोबदला मिळे, नकार देण्याची सोय नव्हती. आपल्याकडे याला वेठ म्हणत, वेठबिगार म्हणत. वेठीला धरणं हा शब्दप्रयोग आपण आज सहज करतो, पण त्यात कित्येक पिढ्यांच्या पाठी वाकलेल्या आहेत.

म्हणून पाहुण्याच्या आनंदाची किंमत कोण मोजतो हा प्रश्न लडाखपुरता नाही. आमच्या डोक्यावर माथेरानचा डोंगर आहे. तिथे माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा चालत आल्या. त्या सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माथेरानला पहिला कलेक्टर चढला १८५० साली. म्हणजे पाऊणेदोनशे वर्षांनी हा आदेश आला.

लडाखच्या वाटाड्यांपैकी दोघांची नावं आवर्जून घ्यायला हवीत. पहिला मुहम्मद इसा. स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन याच्या १९०६ च्या तिबेट मोहिमेचा तो तांडाप्रमुख, म्हणजे ‘कारवाँबाशी’. त्याआधी कित्येक युरोपियन प्रवाशांबरोबर त्याने मध्य आशिया पालथा घातला होता. १९०७ साली तिबेटातच त्याला मृत्यू आला. सोबतच्या लडाखी मुसलमानांनी परक्या मुलखात त्याचं दफन केलं. नकाशे हेडिनच्या नावावर झाले, आणि त्यातल्या वाटांवर पुढे चालणारा माणूस वाटेतच राहिला.

दुसरा गुलाम रसूल गलवान. लेहमधल्या गरीब घरातला मुलगा. काश्मीरमध्ये गलवान हे घोडे राखणाऱ्यांच्या जमातीचं नाव. पोरवयातच तो फ्रान्सिस यंगहजबंड या इंग्रज अधिकाऱ्याच्या तांड्याबरोबर निघाला. सामान वाहता वाहता, घोडे हाकता हाकता तो मोहिमांचा प्रमुख झाला. १८९० च्या दशकात लॉर्ड डनमोर याच्या मोहिमेवर असताना तांडा एका खोऱ्यात अडकला, तेव्हा या पोराने वाट शोधून काढली आणि साहेबाने खुश होऊन तिथल्या नदीला त्याचं नाव दिलं, असं त्याच्या घराण्यात सांगितलं जातं. तीच गलवान नदी. जून २०२० मध्ये तिच्या खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान शहीद झाले आणि हे नाव घराघरांत पोचलं. पण ते मुळात एका घोडेवाल्याचं नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

नद्यांना राजांची नावं मिळतात, देवांची मिळतात, साहेबांची मिळतात. नोकराचं नाव नदीला मिळावं ही जगाच्या नकाशावरची दुर्मीळ गोष्ट. आणि रसूल तिथेच थांबला नाही. बॅरेट नावाच्या अमेरिकन प्रवासी दांपत्याने त्याला स्वतःची हकिगत लिहायला सांगितली. त्याने ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिली. बॅरेटबाईंनी ती फारशी न सुधारता ठेवली. १९२३ साली ‘सर्व्हंट ऑफ साहिब्स’, म्हणजे साहेबांचा नोकर, या नावाने ते पुस्तक केंब्रिजहून निघालं. प्रस्तावना यंगहजबंडची. साहेबांनी लिहिलेली प्रवासवर्णनं शेकड्यांनी आहेत, सामान वाहणाऱ्याने लिहिलेलं हे जवळपास एकटंच. पुढे रसूल लेहमध्ये ‘अक्सकाल’ झाला, म्हणजे सरकार आणि व्यापारी यांच्यामधला मानाचा कारभारी. अक्सकाल या तुर्की शब्दाचा अर्थ पांढऱ्या दाढीचा माणूस. १९२५ साली तो वारला. मी स्वतः कवी आहे, भाषेवर हात फिरवत बसण्याची मला सवय. पण मोडक्या भाषेत खरं सांगणाऱ्या या माणसापुढे शब्दांची कलाकुसर फिकी वाटते.

तिथला माणूस फक्त राबतच होता असं मात्र नव्हे. उन्हाळा हा त्याच्याही खेळाचा ऋतू होता. लेहचा मुख्य बाजार चांगला रुंद आहे. त्याच बाजारात पूर्वी घोड्यांवरून पोलो खेळला जाई, आणि दुकानदार पायरीवर उभे राहून पाहत. हा खेळ शेजारच्या बाल्टिस्तानातून आला. लडाखचा राजा सेंगे नामग्याल याची आई ग्याल खातून ही बाल्टी मुसलमान राजकन्या होती. लेहचा नऊ मजली राजवाडा या सेंगे नामग्यालच्या काळातला. बौद्ध राजा, मुसलमान आई, तिच्या माहेरचा खेळ, आणि तो पाहायला गावातले सगळे. असा तो बाजार होता.

१९४९ मध्ये चिनी तुर्कस्तानात साम्यवादी सत्ता आली आणि काराकोरमची वाट बंद पडली. लेहमधले यारकंदी व्यापारी आले तिथेच अडकले किंवा कायमचे परतले. किरायाकशांचा धंदा बसला. नुब्रा खोऱ्यात दोन वशिंडांचे उंट मागे राहिले. हे बॅक्ट्रियन उंट मध्य आशियातले, थंडी सोसणारे, तांड्यांबरोबर आलेले. आता ओझं नाही, वाट नाही, मालकाला त्यांचा उपयोग नाही.

१९७४ साली सरकारने लडाख पर्यटकांना खुलं केलं. त्या वर्षी आलेल्या पर्यटकांचा नोंदलेला आकडा आहे ५२७. नुब्रा आणि पँगाँग हे सीमेजवळचे भाग १९९४ मध्ये उघडले. खारदुंग लाचा रस्ता १९७६ मध्ये बांधला गेला आणि १९८८ मध्ये वाहनांना खुला झाला. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ने पँगाँगचं निळं पाणी घरोघर नेलं. २०२२ साली पर्यटकांचा आकडा पाच लाखांच्या वर गेला. २०११ च्या जनगणनेत साऱ्या लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाख होती. म्हणजे घरात माणसं असतील त्याच्या जवळपास दुप्पट पाहुणे, तेही बहुतेक चार महिन्यांत.

मागे राहिलेल्या उंटांना या पाहुण्यांनी काम दिलं. हुंदरच्या वाळूत एक उंटवाला मला म्हणाला, ‘‘आजोबा याला यारकंदला नेत. मी त्या टेकडीपर्यंत नेतो आणि परत आणतो.’’ त्यात खंत होती का विनोद, मला सांगता येणार नाही. पण एक नक्की, त्या पंधरा मिनिटांच्या फेरीमुळे त्याची मुलं शाळेत जात होती. पर्यटनाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वेठीची पाळी गेली, भाव ठरवून काम करायचं स्वातंत्र्य आलं, ही लहान गोष्ट नाही.

खरी अडचण पाण्याची आहे. लडाखी गावात वरून बर्फाचं पाणी पाटाने येतं. पाटाला ‘युरा’ म्हणतात, साठवण्याच्या तळ्याला ‘झिंग’. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं हे गावाने नेमलेला ‘चुरपोन’ ठरवतो. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखाच हा माणूस. घरातला जुना संडास कोरडा असतो. त्यात माती टाकतात, खत होतं, पाण्याचा थेंब लागत नाही. या नेमस्त व्यवस्थेत आम्ही पाहुणे गेलो आणि शॉवर मागितला, फ्लश मागितला, रोज धुतलेली चादर मागितली. लेहमधल्या हॉटेलांनी बोअरवेल घेतल्या. जे पाणी शेताचं होतं ते आमच्या अंघोळीला आलं.

त्यात हिमनद्या मागे सरकताहेत. पेरणीला पाणी हवं एप्रिल-मेमध्ये, पण उंचावरची हिमनदी वितळते जूननंतर. चेवांग नॉरफेल या लडाखी अभियंत्याने १९८७ मध्ये यावर तोड काढली. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाजवळच्या सावलीतल्या दरीत वळवून, पसरून गोठवायचं. ते खालच्या उंचीवर असल्याने लवकर वितळतं आणि नेमकं पेरणीला मिळतं. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३-१४ पासून सोनम वांगचुक यांनी उभे, शंकूसारखे हिमस्तूप रचायला सुरुवात केली, तीही याच विचाराची पुढची पायरी.

आणि एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. लेहसमोर स्टोक कांगरी हे शिखर आहे, वीस हजार फुटांच्या वर. तुलनेने सोपं, म्हणून हौशी गिर्यारोहकांची तिथे रीघ लागे. त्याच्याच बर्फाचं पाणी खाली स्टोक गावात येतं. पाणी आटतंय आणि घाण होतंय म्हणून गावकऱ्यांनी आग्रह धरला, आणि २०२० मध्ये ते शिखर चढाईसाठी बंद करण्यात आलं. ज्या चढाईवर कमाई होती ती गावाने सोडली. एके काळी वेठीला नाही म्हणण्याची ज्यांना मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी पाहुण्याला अदबीने ‘आता पुरे’ म्हटलं. लडाखच्या इतिहासातलं हे मोठं पाऊल आहे असं मी मानतो.

मित्रहो, तुम्ही उन्हाळ्यात तिकडे जरूर जा. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्येच शांत बसा. ‘दम’ आजही तोच आहे, तो तरुण-म्हातारा पाहत नाही. डोकं दुखू लागलं, उलट्या झाल्या तर वर जाण्याचा हट्ट सोडा आणि खाली या. खारदुंग लाच्या पाटीवर पूर्वी उंची १८,३८० फूट लिहिलेली असे. मोजणीत ती साडेसतरा हजारांच्या आसपास भरते. पण फोटोच्या नादात तिथे तासभर रेंगाळू नका, वीस मिनिटं पुष्कळ झाली. ओढे ओलांडायचे तर सकाळी. आभाळ भरून आलं तर कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नका. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री लेहमध्ये ढगफुटी झाली. मातीची घरं वाहून गेली, दोनशेहून अधिक माणसं दगावली. ज्या मुलखाला पावसाची सवय नाही तिथे थोडा पाऊसही काळ होऊन येतो.

पाणी मागाल तेव्हा बादलीभर मागा, कोरडा संडास असेल तर नाक मुरडू नका. घोडेवाल्याशी, उंटवाल्याशी, गाडीच्या ड्रायव्हरशी भावासाठी घासाघीस करताना थोडा हात आखडता घ्या, आणि त्याचं नाव जरूर विचारा. नाव विचारायला पैसे पडत नाहीत. एका साहेबाने ते विचारलं, लक्षात ठेवलं, म्हणून आज नकाशावर गलवान आहे. उरलेल्या हजारोंची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत, पण ज्या वाटांवरून आपण गाड्या पळवतो त्या त्यांनीच मळलेल्या आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)